प्रकाश-पुनर्रचनाक्षम द्वारव्यूह

ज्या एकात्मीकृत मंडलाची (अर्धसंवाहकाच्या एकाच तुकड्यावर घडविलेल्या विद्युत् मंडलाची) तर्करचना ते तयार झाल्यानंतरही बदलता येते आणि हा बदल घडविणारी माहिती तारांमधून न येता होलोग्रामात साठविलेल्या प्रकाशचित्राच्या रूपाने मंडलाच्या पृष्ठावर एकदम पाडली जाते, त्याला प्रकाश-पुनर्रचनाक्षम द्वारव्यूह म्हणतात. येथे द्वार याचा अर्थ ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांसारखी तार्किक क्रिया करणारे मूलभूत मंडल असा असून अशा असंख्य द्वारांची ओळी-स्तंभांत केलेली मांडणी म्हणजे द्वारव्यूह होय. या प्रयुक्तीत लेसर उद्‌गमांचा संच, होलोग्राफीय स्मृती आणि प्रकाशसंवेदी चिप असे तीन मुख्य घटक असतात. चिपवरील गणन इलेक्ट्रॉनीयच असते. प्रकाशाकडे फक्त चिपची रचना ठरविण्याचे व बदलण्याचे काम असते. म्हणून तिला प्रकाशीय संगणक म्हणणे योग्य नव्हे.

गरज : संगणकाकडून काम करवून घेण्याच्या दोन जुन्या रीती आहेत. एकीत सर्वसाधारण सूक्ष्मप्रक्रियक वापरून त्याला आज्ञांची मालिका देतात. त्यामुळे कोणतेही काम करता येते. पण प्रत्येक आज्ञा स्मृतीतून आणणे, तिचा अर्थ लावणे व नंतर ती अंमलात आणणे यांत वेळ व ऊर्जा खर्च होतात. दुसऱ्या रीतीत एकाच कामासाठी स्वतंत्र चिप घडवितात. ती वेगवान असते; पण काम बदलले की निरुपयोगी ठरते व तिच्या अभिकल्पाचा (आराखड्याचा) खर्चही मोठा असतो. या दोहोंचा मेळ घालण्याची कल्पना कॅलिफोर्निया विद्यापीठातील (लॉस अँजेल्स) जेरल्ड एस्ट्रिन यांनी १९६० मध्ये मांडली. संगणकाचा एक भाग स्थिर व दुसरा भाग कामानुसार बदलता ठेवावा, असे त्यांनी सुचविले होते. त्या काळी असा बदल हाताने भाग काढून-घालूनच करणे शक्य होते. १९८५ मध्ये झायलिंक्स या अमेरिकन कंपनीने रॉस फ्रीमन यांच्या कल्पनेवर आधारलेली एक्ससी २०६४ ही चिप बाजारात आणली. तीमध्ये ६४ तर्कखंड होते आणि त्यांची कार्ये व परस्परजोडण्या वापरणाऱ्याला स्वतः ठरविता येत. एफपीजीए या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या चिपांचा प्रसार तेथून सुरू झाला.

पुनर्रचनेचे तत्त्व : बदलता येणाऱ्या तर्कखंडाच्या गाभ्याशी एक लहानसे कोष्टक असते. खंडाला तीन आदाने (आत येणारे संकेत) असतील, तर त्यांचे ००० ते १११ असे आठ संयोग होतात. प्रत्येक संयोगासाठी प्रदान (बाहेर जाणारा संकेत) ० असावा की १, हे आठ स्मृतिकोशिकांमध्ये लिहून ठेवतात. उदा., या कोशिकांत क्रमाने ०, १, १, ०, १, ०, ०, १ हे अंक भरले, तर खंड तीन द्विमान अंकांच्या बेरजेतील एकम स्थानाचा अंक देतो. त्याच कोशिकांत ०, ०, ०, १, ०, १, १, १ असे अंक भरले, तर तोच खंड त्या बेरजेतील हातचा देतो. सिलिकॉनमध्ये काहीही हललेले नसते. फक्त आठ अंक बदललेले असतात. खंडांना जोडणाऱ्या तारांच्या छेदबिंदूंवरही असेच स्विच असून त्यांची उघडी अथवा मिटलेली स्थिती एकेका द्विमान अंकाने ठरते. या सर्व अंकांच्या समुच्चयाला रचनाचित्र म्हणता येईल. मोठ्या चिपेचे रचनाचित्र कोट्यवधी अंकांचे असते.

रचनाचित्र बदलण्यास लागणारा वेळ ही या पद्धतीची जुनी अडचण आहे. समजा, रचनाचित्रात १ कोटी अंक आहेत, ते एका वेळी ३२ अंक याप्रमाणे चिपेत भरले जातात आणि सेकंदास १० कोटी वेळा असे भरणे शक्य आहे. तर पूर्ण बदलासाठी सु. ३ मिलिसेकंद लागतील. हा काळ माणसाच्या दृष्टीने नगण्य वाटला, तरी तेवढ्या वेळात त्याच वेगाने चालणाऱ्या मंडलाची तीन लाखांहून अधिक स्पंदे फुकट जातात. त्यामुळे व्यवहारात चिपची रचना बहुधा एकदाच भरतात किंवा तिचा एखादा भागच अधूनमधून बदलतात. अनेक रचनाचित्रे चिपेतच साठवून ठेवणे हा एक उपाय आहे. झायलिंक्समधील संशोधकांनी १९९७ मध्ये आठ रचनाचित्रे सामावणाऱ्या चिपेचा अभिकल्प प्रसिद्ध केला. परंतु प्रत्येक वाढत्या चित्रागणिक स्मृतिकोशिकांनी व्यापलेली जागा वाढत जाते आणि गणनासाठी उरणारे क्षेत्र कमी होते. रचनाचित्रे चिपेच्या बाहेर, पण क्षणार्धात उपलब्ध होतील अशा रीतीने ठेवता आली, तर ही कोंडी फुटते. होलोग्राफीय स्मृतीचा विचार येथे उद्‌भवतो.

होलोग्राफीय स्मृती : बूडापेस्ट येथे जन्मलेले भौतिकीविज्ञ डेनिस गाबॉर हे इंग्लंडमधील रग्बी येथे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता वाढविण्याच्या प्रयत्नात असताना १९४७ मध्ये त्यांना होलोग्राफीची कल्पना सुचली. या शोधाबद्दल त्यांना १९७१ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. साध्या छायाचित्रात प्रकाशाची फक्त तीव्रता नोंदली जाते व तरंगाची कला (तरंग आवर्तनाच्या कोणत्या टप्प्यावर आहे ती स्थिती) नष्ट होते. होलोग्रामात वस्तूकडून आलेला तरंग आणि एक संदर्भतरंग यांचे व्यतिकरण (तरंग एकमेकांवर पडून होणारा परिणाम) नोंदवून कलाही राखली जाते. नोंद झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा तोच संदर्भतरंग पाडला, की विवर्तनाने मूळ वस्तुतरंग जसाच्या तसा उभा राहतो. १९६० मध्ये लेसरचा शोध लागल्यावर [⟶ लेसर] या पद्धतीला योग्य असा कलासंबद्ध प्रकाश मिळाला. एमेट लीथ व ज्यूरिस उपाटनिएक्स यांनी मिशिगन विद्यापीठात संदर्भतरंग तिरकस पाडण्याची पद्धत विकसित केली, तर सोव्हिएट रशियात यूरी डेनिस्यूक यांनी १९६२ मध्ये जाड माध्यमातील परावर्तन होलोग्रामाचे वर्णन केले.

स्मृतीच्या दृष्टीने महत्त्वाचे असतात ते जाड माध्यमातील होलोग्राम. त्यांतील व्यतिकरणाचे पट्टे माध्यमाच्या पूर्ण जाडीत पसरलेले असल्याने ते ठराविक कोनातून व ठराविक तरंगलांबीच्या प्रकाशालाच प्रतिसाद देतात. स्फटिकातील अणूंच्या थरांवरून क्ष-किरणांच्या होणाऱ्या परावर्तनाला लागू असलेला ब्रॅग नियम येथेही लागू पडतो. सु. १ सेंमी. जाडीच्या स्फटिकात संदर्भशलाकेचा कोन अंशाच्या काही सहस्रांशाने बदलला, तरी पूर्वीचे चित्र दिसेनासे होते. म्हणून त्याच जागेत नव्या कोनाने दुसरे चित्र नोंदविता येते आणि असे करीत एकाच घनफळात अनेक चित्रे एकमेकांत न मिसळता राहू शकतात. पी. जे. व्हान हिर्डन यांनी १९६३ मध्ये दाखविले की, अशा माध्यमाची सैद्धांतिक क्षमता त्याचे घनफळ भागिले तरंगलांबीचा घन या मर्यादेपर्यंत जाते. ५०० नॅनोमीटर तरंगलांबीसाठी १ घ. सेंमी. माध्यमात ही संख्या ८ लाख कोटी द्विमान अंक इतकी येते. प्रत्यक्षात माध्यमातील प्रकीर्णन (प्रकाशाचे इतस्ततः विखुरणे), भिंगांतील दोष व माध्यमाची मर्यादित संवेदनक्षमता यांमुळे याच्या अल्पांशच साध्य होतो.

होलोग्रामासाठी लिथियम नायोबेट हा स्फटिक पुष्कळ अभ्यासला गेला आहे. बेल प्रयोगशाळेत १९६६ मध्ये असे आढळले की, तीव्र लेसर प्रकाश पडलेल्या जागी या स्फटिकाचा प्रणमनांक बदलतो. प्रथम हा स्फटिकातील दोष समजला गेला. पण १९६८ मध्ये त्याच गुणाचा उपयोग करून होलोग्राम साठविण्यात आले. प्रकाशामुळे मुक्त झालेले इलेक्ट्रॉन अंधाऱ्या पट्ट्यांत अडकून पडतात व त्यांच्या विद्युत् क्षेत्राने प्रणमनांक बदलतो, असे याचे स्पष्टीकरण आहे. मात्र वाचनासाठी टाकलेला प्रकाशही इलेक्ट्रॉन मोकळे करीत असल्याने चित्र हळूहळू पुसले जाते; हे टाळण्यासाठी स्फटिक तापवून चित्र स्थिर करण्याची पद्धत १९७१ मध्ये पुढे आली. प्रकाशबहुवारिके (प्रकाशाने बहुवारिकीकरण होणारी द्रव्ये) ही दुसरी महत्त्वाची माध्यमे होत. त्यांवरील नोंद टिकाऊ असते, पण नोंदीच्या वेळी द्रव्य किंचित आकसते.

रचना व कार्य : कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये डेमेट्री साल्टिस व त्यांचे सहकारी यांनी २००० च्या सुमारास होलोग्राफीय स्मृती व द्वारव्यूह एकत्र आणणारी प्रयुक्ती विकसित केली. जपानमध्ये मिनोरू वातानाबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषय दीर्घकाळ चालविला आहे. या प्रयुक्तीच्या वरच्या भागात सूक्ष्म लेसरांचा संच असतो. प्रत्येक लेसरचे स्थान निराळे असल्यामुळे त्याचा प्रकाश स्मृतीवर निराळ्या कोनाने किंवा तिच्या निराळ्या भागावर पडतो. त्यामुळे जो लेसर पेटविला जाईल, त्याच्याशी निगडित असलेले रचनाचित्रच खालच्या चिपवर उमटते. चित्र निवडण्यासाठी कोणताही भाग हलवावा लागत नाही. एक लेसर विझवून दुसरा पेटविला, की पुरते. चित्रात जेथे ठिपका प्रकाशमान तेथे १ आणि जेथे अंधार तेथे ० असा संकेत असतो.

चिपवर रचनाचित्रातील प्रत्येक अंकासाठी एक फोटोडायोड म्हणजे प्रकाशसंवेदी द्विप्रस्थ असतो. तो प्रथम विद्युत् भारित करतात. प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन व धन भारवाहक सुटे होऊन त्याचा भार कमी होतो व विद्युत् दाब खाली येतो. अंधारात तो तसाच राहतो. सर्व फोटोडायोडांवर ही क्रिया एकाच वेळी घडत असल्याने अंकांची संख्या वाढली, म्हणून अंक रांगेने भरण्याचा वेळ वाढत नाही. पारंपरिक पद्धतीहून हा मूलभूत भेद आहे. स्थिर प्रकारात फोटोडायोडाने दिलेला अंक शेजारच्या स्मृतिकोशिकेत धरून ठेवतात. गतिक प्रकारात ही कोशिका गाळून फोटोडायोडाच्या स्वतःच्या विद्युत् धारितेलाच तात्पुरती स्मृती म्हणून वापरतात. त्यामुळे जागा वाचते व अधिक द्वारे मावतात. परंतु भार गळत जात असल्यामुळे ठराविक अवधीने चित्र पुन्हा पाडावे लागते.

प्रकाशाचा हिशोब : बदलाचा वेग किती ठेवता येईल, हे अखेर फोटोडायोडापर्यंत किती प्रकाश पोहोचतो यावर अवलंबून असते. एका फोटोडायोडाची धारिता १० फेम्टोफॅराड (१ फेम्टो = १०⁻¹⁵) असून त्याचा दाब १ व्होल्टने उतरवायचा आहे असे मानू. यासाठी सु. ६२,००० इलेक्ट्रॉनांचा भार हलवावा लागेल. निम्मेच फोटॉन उपयोगी पडतात असे धरल्यास सु. सव्वा लाख फोटॉन लागतील. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात त्यांची ऊर्जा सु. ४ × १०⁻¹⁴ जूल भरते. चित्रात १०,००० प्रकाशमान ठिपके असून बदल १० नॅनोसेकंदांत हवा असेल, तर चिपवर सु. ४० मिलिवॉट प्रकाश पडला पाहिजे. होलोग्राम मात्र आपल्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही अंशच चित्राकडे वळवितो. हा अंश शेकडा १ असेल, तर लेसरची शक्ती ४ वॉट लागेल. सूक्ष्म लेसराच्या मानाने ती फार मोठी आहे. बदलाचा अवधी १ मायक्रोसेकंद चालणार असेल, तर तेच काम ४० मिलिवॉटांत होते.

अडचण आणखी एका नियमाने वाढते. एकाच घनफळात साठविलेल्या चित्रांची संख्या वाढत गेली, की प्रत्येक चित्राची विवर्तनक्षमता त्या संख्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. १० चित्रांऐवजी १०० चित्रे साठविल्यास प्रत्येक चित्र शंभरपट अंधुक होते. अर्थात मोठा साठा व वेगवान बदल यांपैकी एकाचा लाभ दुसऱ्याच्या मोलावरच घ्यावा लागतो. यावर मात करण्यासाठी चित्रातील प्रकाशमान ठिपके कमी ठेवण्याच्या युक्त्या योजतात. उदा., एखाद्या चित्रात निम्म्याहून अधिक अंक १ असतील, तर ते उलटे करून साठवितात व चिपवर एका जादा अंकाने तसे कळवितात.

प्रारण व दोषसहिष्णुता : या प्रयुक्तीचे वेगापेक्षाही अधिक महत्त्वाचे गणले जाणारे क्षेत्र म्हणजे आयनीकारक प्रारण (अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे करणारे प्रारण) असलेली स्थाने होत. अवकाशातील एखादा उच्च ऊर्जेचा कण स्मृतिकोशिकेवर आदळून तीमधील अंक उलटा करू शकतो. साध्या संगणकात अशाने एखादी संख्या चुकते. पुनर्रचनाक्षम चिपेत मात्र उलटलेला अंक रचनाचित्रातील असेल, तर मंडलच बदलते आणि पुन्हा योग्य चित्र भरेपर्यंत ते चुकीचेच काम करीत राहते. तरीही दुरून अभिकल्प बदलता येण्याच्या सोयीमुळे अशा चिपा अवकाशयानांत वापरल्या जातात. २००४ मध्ये मंगळावर उतरलेल्या स्पिरिट व ऑपॉर्च्युनिटी या यानांतही त्या होत्या. रचनाचित्र वारंवार नव्याने भरून चुका पुसून काढणे हा यावरील रूढ उपाय आहे. प्रकाशाने सबंध चित्र एकदम पाडता येत असल्यामुळे हे पुनर्भरण फार कमी कालांतराने करता येते.

प्रारणाचा दुसरा परिणाम कायमचा असतो. त्याची मात्रा साठत गेली, की ट्रँझिस्टरांच्या निरोधक थरांत भार अडकतो व ते निकामी होऊ लागतात. ११ मार्च २०११ रोजी जपानमधील फुकुशिमा दाइइची अणुवीज केंद्रात झालेल्या अपघातानंतर या प्रश्नाची तीव्रता ध्यानी आली. वितळलेले इंधन असलेल्या अणुभट्ट्यांच्या आत माणूस जाऊ शकत नाही, म्हणून तेथील पाहणी यंत्रमानवांवर सोपवावी लागते. फेब्रुवारी २०१७ मध्ये दुसऱ्या अणुभट्टीत सोडलेल्या एका यंत्राच्या कॅमेऱ्याचे चित्र सु. दोन तासांतच काळवंडू लागले व ते बाहेर काढावे लागले. अशा ठिकाणी इलेक्ट्रॉनीय भागांचे आयुष्य हीच कामाची मर्यादा ठरते.

प्रकाश-पुनर्रचनाक्षम द्वारव्यूहाचे येथील फायदे दोन आहेत. पहिला होलोग्रामाच्या स्वरूपातून येतो. त्यातील एकेका अंकाची माहिती एका बिंदूत नसून पुष्कळ क्षेत्रावर पसरलेली असते. त्यामुळे माध्यमाचा काही भाग बिघडला, तर सर्वच चित्र थोडे फिके होते. त्यातील एखादा अंक तेवढा गळून पडत नाही. होलोग्रामाचा तुकडा कापला, तरी उरलेल्या भागातून पूर्ण वस्तू दिसते, हा नेहमीचा अनुभव याच गुणाचे उदाहरण आहे. दुसरा फायदा चित्र समांतर पाडण्याचा. तारांनी रांगेने माहिती भरताना भरण्याच्या मंडलातील एक दुवा तुटला, तर त्यापलीकडचे सर्व चांगले खंडही वाया जातात. प्रकाशाने प्रत्येक खंडाला स्वतंत्रपणे माहिती मिळत असल्याने बिघडलेले खंड वगळून उरलेल्यांवर काम चालू ठेवता येते. त्यासाठी निरनिराळे खंड टाळणारी रचनाचित्रे आधीच स्मृतीत साठवून ठेवतात. चिप जसजशी झिजत जाईल तसतसे दुसरे चित्र निवडावयाचे, अशी ही योजना आहे. मात्र लेसर व त्यांना चालविणारी मंडले यांचेही प्रारणापासून रक्षण करावे लागते, हे विसरून चालत नाही.

मर्यादा व सद्यःस्थिती : लेसर, होलोग्राम व चिप यांची परस्परस्थिती काही मायक्रोमीटरांच्या आत नेमकी राखावी लागते. तापमान बदलले, की लेसरची तरंगलांबी व माध्यमाची मापे बदलतात आणि चित्राचे ठिपके फोटोडायोडांवरून सरकतात. यंत्राला बसणाऱ्या हादऱ्यांचाही असाच परिणाम होतो. स्मृती व चिप यांमध्ये अंतर ठेवावे लागत असल्याने प्रयुक्ती सपाट चिपेपेक्षा अवजड होते. फोटोडायोडांनाही जागा लागते व ट्रँझिस्टरांप्रमाणे ते वाटेल तितके लहान करता येत नाहीत, कारण फार लहान पृष्ठावर पुरेसा प्रकाश एकवटता येत नाही. शिवाय बहुतेक होलोग्राफीय माध्यमांत नवे रचनाचित्र जागच्या जागी लिहिणे सोपे नसते. प्रयोगशाळेत यासाठी द्रवस्फटिकी पडद्यावर होलोग्रामाचा नमुना विद्युत् संकेताने उमटवून पाहण्यात आला आहे. पण असा पडदा जाड माध्यमाइतकी माहिती सामावू शकत नाही.

होलोग्राफीय स्मृतीचा व्यापारी इतिहासही सावधगिरीचा इशारा देणारा आहे. बेल प्रयोगशाळेतून २००० मध्ये वेगळी निघालेली इनफेज टेक्नॉलॉजीज ही कंपनी अशा स्मृतीच्या तबकड्या बाजारात आणण्याच्या प्रयत्नात होती. २०११ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. दरम्यानच्या काळात चुंबकीय तबकड्या व अर्धसंवाहक स्मृती यांची क्षमता इतकी वाढली, की नव्या तंत्राला मिळणारा लाभ आक्रसत गेला. पुढे २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट या कंपनीने मोठ्या संगणक केंद्रांसाठी होलोग्राफीय साठवणीचे संशोधन पुन्हा हाती घेतल्याचे जाहीर केले. साध्या पुनर्रचनाक्षम चिपांमध्येही रचनेचा फक्त काही भाग, बाकीचे काम चालू असताना, बदलण्याची सोय झालेली आहे. त्यामुळे सर्वसाधारण उपयोगासाठी होलोग्रामाचा खटाटोप करण्याचे कारण उरत नाही.

प्रकाश-पुनर्रचनाक्षम द्वारव्यूह त्यामुळे मुख्यत्वे प्रयोगशाळेच्या कक्षेतच राहिला आहे. त्याचे भवितव्य घरगुती अथवा कार्यालयीन संगणकांत नसून, जेथे दुरुस्तीसाठी माणूस पोहोचू शकत नाही, चिप बिघडणार हे गृहीत धरावे लागते आणि तरीही काम थांबून चालत नाही, अशा मोजक्या ठिकाणी आहे. निकामी होत जाणाऱ्या मंडलातूनही शेवटच्या चांगल्या द्वारापर्यंत काम करवून घेता येणे, हा त्याचा खरा विशेष होय.